नरकासुराचा हात आणि वेर्ण्याचं गेट: मोठ्या कंपनीतल्या इंटर्नशिपची मुलाखत कशी द्यावी

जानेवारी सरला की माझ्या फोनवर गावातले निरोप सुरू होतात. "दादा, आमच्या धाकट्याला तुमच्या कंपनीत इंटर्नशिप मिळेल काय?" मी गोव्यातल्या डिचोलीचा. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि गेली काही वर्षं उन्हाळी इंटर्न निवडताना प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसतो. मिळवून देणं माझ्या हातात नाही, तसं मी तोंडावर सांगतो आणि थोडा वाईट होतो. पण आत काय विचारतात आणि मुलं कुठे घसरतात, ते सांगता येतं. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो.

आधी एक घोळ मिटवू. ॲप्रेंटिस वेगळा आणि इंटर्न वेगळा. ॲप्रेंटिसशिपला 1961 चा कायदा आहे: 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यांचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि किमान स्टायपेंड ठरलेला असतो. इंटर्नशिपला असं काही नाही. कंपनीच्या पत्रात जे लिहिलं असेल ते आणि तेवढंच. सहा-आठ आठवडे उन्हाळ्यात, नाहीतर शेवटच्या वर्षी एक अख्खं सेमिस्टर. स्टायपेंड असतो, कधी नसतो. तिसरा प्रकार पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा. ऑक्टोबर 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा 21 ते 24 वयाच्या मुलांसाठी होती, 12 महिन्यांची, महिना 5,000 रुपये आणि सुरुवातीला एकदा 6,000. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती चालत नव्हती. अशा योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी पोर्टलवर स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या भाच्याला विचारू नका.

तुम्ही फर्मागुढी, फातोर्डा, कुंकळ्ळी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा एखाद्या पॉलिटेक्निकला शिकत असाल तर पहिला दरवाजा कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचा. दुसरा, कंपनीच्या वेबसाइटवरचं करिअर्सचं पान. मे-जूनची इंटर्नशिप हवी तर जानेवारीत हालचाल करा. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या तर आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मुलं उचलतात. कॉलेजचं ना-हरकत पत्र वेळेत काढून ठेवा. निवड झाली, पण पत्रावर सही करणारे सर रजेवर, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं.

रेझ्युमे, म्हणजे तुम्हीच काढलेली प्रश्नपत्रिका

एक पान. पीडीएफ. फाइलच्या नावात स्वतःचं नाव. ईमेल आयडी साधा, दहावीत काढलेला 'रॉकिंग' वगैरे नको. जन्मतारीख, धर्म, वडिलांचा व्यवसाय, 'वरील माहिती खरी आहे' अशी प्रतिज्ञा, यातलं काहीही लागत नाही.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. मुलाखत घेणाऱ्याकडे तुमच्याबद्दल त्या पानाखेरीज काही नसतं. बहुतेकदा तो ते तुम्ही आत येण्याआधी तीन मिनिटं वाचतो आणि पेन्सिलीने दोन-तीन शब्दांभोवती गोल काढतो. ते गोल म्हणजे तुमचे प्रश्न. म्हणजे पेपर तुम्हीच काढलेला असतो, आणि तरीही मुलं त्यात स्वतःलाच न येणारे प्रश्न घालतात.

एकाने कौशल्यांच्या ओळीत लिहिलं होतं: ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, मॅटलॅब, पायथन, पीएलसी. आमच्याकडे पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, रोजचं, म्हणून मी तिथे गोल काढला. विचारलं, "पीएलसीचा स्कॅन सायकल म्हणजे काय?" इनपुट वाचतो, प्रोग्रॅम चालवतो, आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून, एवढंच उत्तर. तो गप्प. दोन दिवसांच्या वर्कशॉपला हजर होता आणि सर्टिफिकेट होतं, म्हणून शब्द टाकला. त्यानंतर त्याने बाकीची उत्तरं बरी दिली, पण आमचा विश्वास तिथेच गेला होता. उरलेल्या चार शब्दांतले किती खरे, हा संशय मुलाखतभर बसून राहिला.

आता उलट टोक. आणखी एका वर्षी मेकॅनिकलचा एक मुलगा आला. रेझ्युमे रिकामाच म्हणावा इतका साधा, प्रोजेक्ट कॉलेजातल्या सगळ्यांचा असतो तोच. दहा मिनिटांत आमचे प्रश्न संपले. माझ्या शेजारच्या सरांनी उगाच विचारलं, "दिवाळीला काय करतोस?"

"नरकासुर करतो, सर." (आमच्याकडे दिवाळीत नरकासुराचा मोठा पुतळा करून पहाटे जाळतात.)

"हलणारा की नुसता उभा?"

"हलणारा. एक हात वर-खाली होतो."

"मोटर कुठली?"

"भंगारातली गाडीची वायपर मोटर."

"वायपरचीच का?"

"ती हळू फिरते सर, पण जोर असतो. आत वर्म गिअर असतो ना." मग थांबून म्हणाला, "आणि मोटर बंद पडली तरी हात खाली आपटत नाही. वर्म उलटा फिरत नाही. आमचा एकदा असाच वर अडकून राहिला. बक्षीस गेलं."

सर हसले आणि कागद पुढे सरकवला. त्याने मोटरीची क्रँक, मधली दांडी, हाताचा सांधा असं रेखाटलं. फोर-बार मेकॅनिझम. पुस्तकातलं नाव त्याला माहीत होतं, पण आपण केलं ते हेच, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "रात्रभर बॅटरी पुरते?" मी विचारलं. "35 ॲम्पिअर-अवरची आहे. मोटर चारेक ॲम्पिअर ओढते. म्हणजे आठ तास. पहाटे जाळायचाच असतो, तोपर्यंत पुरते." त्याला घेतला.

हे रेझ्युमेवर का नव्हतं? "ते काय, गावातलं," म्हणाला. अहो, तेच लिहायचं. पण आकड्यांत: 20 फुटी हलता पुतळा, 12 व्होल्टची वायपर मोटर, सहा जणांची टोळी, एवढा खर्च, माझं काम यंत्रणा आणि वायरिंग. कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पंपाला बसवलेला टायमर लिहा. देवस्थानच्या जत्रेचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला असेल तर बी.कॉम.वाल्यांनी तो लिहावा. नाट्यस्पर्धेत प्रकाशयोजना केली असेल तर इलेक्ट्रिकलवाल्यांनी ती लिहावी, किती दिवे, किती लोड, फ्यूज कधी उडाला यासकट. कॉलेजचा प्रोजेक्ट चार जणांचा असेल तर त्यात तुमचा वाटा कुठला, ते वेगळं लिहा. 'आम्ही केलं' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न हमखास येतो: "तू काय केलंस?"

पान तयार झालं की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक शब्दाभोवती गोल काढून स्वतःलाच तीन प्रश्न विचारा: हे काय, हेच का, आणि कुठे बिघडलं. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर तो शब्द खोडा.

कंपनीबद्दल किती वाचायचं

थोडंच, पण नेमकं. वेबसाइटवरचं 'आमचं व्हिजन' पाठ करून येणारे आम्हाला कंटाळा आणतात. त्याऐवजी, इथल्या प्लांटमध्ये काय बनतं ते शोधा. तीच कंपनी नाशकात एक करते आणि गोव्यात दुसरंच. उसगावात एमआरएफ म्हणजे टायर, वेर्ण्यात सिप्ला म्हणजे औषधं, वास्कोत गोवा शिपयार्ड म्हणजे तटरक्षक दल आणि नौदलाची जहाजं. या गोदीची सुरुवात पोर्तुगीज अमदानीतली, 1957 ची, असली एखादी गोष्ट माहीत असली तर बोलणं सहज होतं. शेअर बाजारात असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. त्यातली व्यवस्थापनाच्या आढाव्याची आठ-दहा पानं वाचली तरी शंभरातल्या नव्वदांपेक्षा तुम्ही पुढे.

ऑनलाइन परीक्षा

गणित, तर्क, इंग्रजी आणि शाखेचे प्रश्न, किंवा सॉफ्टवेअरवाल्यांना कोडिंग. सराव केला की जमतं, त्यावर जास्त लिहीत नाही. चुकीला गुण कापतात की नाही, ते पहिल्याच पानावर असतं, वाचा. वेबकॅम चालू असतो, खोलीत आई चहा घेऊन आली तरी नोंद होते. आणि वळवाच्या पावसात घरून परीक्षा देऊ नका. एक वीज कडाडली की आमच्याकडे लाइट जाते. कॉलेजच्या लॅबमध्ये बसा, नाहीतर लॅपटॉप चार्ज आणि फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवून ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे अशा मित्राकडे जा.

वेळेवर पोचणं, माझी फजिती

माझ्या पहिल्या मुलाखतीची गोष्ट. कंपनी कुठली ते जाऊ दे. डिचोलीहून पणजीला आलो, कदंबच्या मडगाव शटलमध्ये रुबाबात बसलो. शटल मधे कुठेही थांबत नाही, हे मला माहीत होतं आणि तरीही सुचलं नाही. कंडक्टरने सांगितलं तेव्हा गाडी मेरशीच्या पुढे गेली होती. जुन्या झुआरी पुलावर नेहमीप्रमाणे रांग. मडगावला उतरून उलट्या बसने वेर्ण्याला आलो, हायवेवर उतरलो, आणि वर पठारावर वसाहतीची नेमकी कुठली फेज, म्हणजे कुठला भाग, हे विचारत चालत सुटलो. 50 मिनिटं उशीर. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे मी फोनच केला नाही, ओरडतील या भीतीने. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि पाच मिनिटांत मोकळं केलं.

पुढे स्वतः प्रश्न विचारायला बसलो तेव्हा कळलं की उशीर माफ होतो, न कळवलेला होत नाही. एचआरचा नंबर मेलमध्ये असतोच.

नवा झुआरी पूल डिसेंबर 2022 ला अर्धा आणि डिसेंबर 2023 ला पूर्ण खुला झाला, त्यामुळे ती रांग आता आठवणीत राहिली. बाकीचं तसंच आहे. सगळ्या थांब्यांवर थांबणारी बस घ्या, कंपनी कुठल्या फेजमध्ये ते आधी विचारा. वसाहत पसरलेली आहे, हायवेवरून आत जायला मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीची टॅक्सी, करा. आदल्या रविवारी एकदा गेटपर्यंत जाऊन आलात तर उत्तम. गेटवर कॉलेजचं ओळखपत्र आणि आधार लागतं, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, लॅपटॉपची नोंद करतात, यात पंधरा मिनिटं जातात.

कपडे साधे, इस्त्रीचे. टाय नको, मे महिन्यात टाय लावलेल्या मुलाकडे बघून आम्हालाच घाम फुटतो. बूट बंद हवेत, कारण बऱ्याचदा मुलाखतीनंतर प्लांट दाखवतात आणि चपला-सँडलवाल्यांना आत सोडत नाहीत. औषधाच्या किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश चालत नाही. जूनमध्ये असेल तर कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आणि पिशवीत कोरडे मोज्यांचे जोड. ओल्या मोज्यांत माणसाचं लक्ष लागत नाही, करून बघा.

आत

पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःबद्दल सांगा. दीड मिनिट. नाव, कुठे शिकता, कुठलं काम हाताने केलंय, आणि इथे का आलात. घरात किती माणसं आणि छंद वाचन, हे सोडा. दीड मिनिटाचा शेवट तुमच्या सगळ्यात भक्कम कामावर करा, कारण पुढचा प्रश्न शेवटच्या वाक्यावरूनच निघतो. पेपर तुमच्या हातात आहे, म्हणालो ना.

मग तांत्रिक. मोठी कंपनी म्हणजे मोठे प्रश्न, हा गैरसमज. आम्ही दुसऱ्या सेमिस्टरचंच विचारतो. टेबलावर व्हर्निअर कॅलिपर ठेवतो आणि म्हणतो, याचा लीस्ट काउंट, म्हणजे याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, सांग. निम्मी मुलं "0.02 मिलिमीटर" असं पाठ केलेलं उत्तर फेकतात. बरोबर असतं. मग मी विचारतो, कशावरून? तिथे गाडी थांबते. साखळी गावच्या एका मुलीने मात्र उत्तरच दिलं नाही. कॅलिपर उचललं, खिडकीकडे धरलं, खालच्या पट्टीवरच्या रेघा नखाने मोजल्या आणि म्हणाली, "सर, इथले 50 भाग वरच्या 49 मिलिमीटरवर बसतात. म्हणजे एक भाग 0.98. फरक 0.02." एक मिनिट शांततेत गेलं. त्या एका मिनिटात ती निवडली गेली होती, तिला ते माहीत नव्हतं.

शांततेला घाबरू नका. "मे आय टेक अ मिनिट, सर?" म्हणा आणि खरंच मिनिट घ्या. त्यानंतर मात्र मनातल्या मनात सोडवू नका, बोलत सोडवा. सॉफ्टवेअरवाल्यांनाही हेच. समजा, आकड्यांच्या यादीत पुन्हा आलेला आकडा शोधायचाय. लगेच टाइप करू नका. आधी विचारा: यादी क्रमाने आहे का? किती मोठी? मेमरीची अडचण आहे का? मग सांगा की प्रत्येक आकडा उरलेल्यांशी ताडून बघता येईल पण वेळ लागेल, यादी क्रमाने लावली तर सारखे आकडे शेजारी येतील, आणि पाहिलेले आकडे एका सेटमध्ये टाकत गेलो तर एकाच फेरीत काम होईल, फक्त जागा जास्त लागेल. एवढं बोललात की कोडमध्ये एखादी चूक झाली तरी चालते.

येत नसेल तर? थाप मारू नका, आणि नुसतं "माहीत नाही" म्हणून हातही वर करू नका. जिथवर माहीत आहे तिथवर सांगा, पुढचा अंदाज असेल तर तो अंदाज आहे असं सांगून मांडा. आम्ही मुद्दाम एक प्रश्न असा ठेवतो की जो येणारच नाही.

इंग्रजीचं काय?

हा प्रश्न मला आईबाप विचारतात, मुलं लाजतात. आमचं असं आहे: घरी कोंकणी, पेपर मराठी, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. तीन भाषा येतात आणि मुलाखतीत तिन्ही एकदम पळून जातात. माझा सल्ला, वाक्यं छोटी करा. मराठीत विचार करून त्याचं लांबलचक इंग्रजी करायला गेलं की मध्येच क्रियापद हरवतं. "मोटर गरम झाली. मी करंट मोजला. जास्त होता. बेअरिंग जाम होतं." ही चार वाक्यं कुणालाही इंग्रजीत सांगता येतात आणि आम्हाला तेवढंच हवं असतं. आदल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना लाज वाटते, दुसऱ्या दिवशी कमी वाटते. एखादा शब्द अडलाच तर विचारून हिंदीत सांगा, कुणी खात नाही. समोरचा गोंयकार निघाला आणि त्यानेच कोंकणी सुरू केली, तर त्यात उत्तर द्या, पण "सर"ला "रे" करू नका.

एचआर आणि पैसे

एचआरची फेरी बहुधा सोपी. एक प्रश्न मात्र गोव्याच्या मुलांना हमखास येतो: पुणे किंवा बेंगळुरूला जाशील का? आमच्याबद्दल बाहेर समज असा की हे गाव सोडत नाहीत. घरी विचारलेलं नसताना "हो" म्हणू नका. नंतर नकार कळवलात तर पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजकडे बघताना कंपनी हात आखडते, हे मी पाहिलंय.

शेवटी "तुला काही विचारायचंय?" येतं. विचारा. कुठल्या विभागात असेन, गाइड कोण, शेवटी रिपोर्ट द्यायचा की सादरीकरण, शिफ्ट आहे का, कंपनीची बस डिचोली-म्हापशापर्यंत येते का. स्टायपेंड विचारण्यात काही गैर नाही. फक्त तो पहिला प्रश्न नसावा.

आणि मुलाखतीसाठी, लॅपटॉपसाठी, 'परत मिळणाऱ्या' डिपॉझिटसाठी कुणी पैसे मागितले तर ती कंपनी नव्हे, चोर. टेलिग्रामवर आलेलं ऑफर लेटर खरं वाटलं तरी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा, सायबर गुन्ह्यांसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

घरी आल्यावर दोन ओळींचा आभाराचा मेल टाका. आठवडाभर काही आलं नाही तर एकदा विचारा, रोज नको. नकार आला तर आलेले प्रश्न त्याच रात्री वहीत उतरवा. पुढच्या कंपनीत त्यातले निम्मे भेटतात.

निवड झाली की एचआरचा फोन येतो. तारीख, बसचा थांबा, रक्तगट, आणि शेवटी बुटाचा नंबर. तो सेफ्टी शूजसाठी. मुलं घाईत कॉलेजच्या बुटाचा नंबर सांगून टाकतात. सेफ्टी बुटाच्या पुढे लोखंडी टोपी असते, ती आत दबत नाही, आणि मोजे जाड असतात. तेव्हा जाड मोजे घालून एकदा दुकानात पाय घालून बघा, मग नंबर सांगा. दोन महिने रोज आठ तास त्यातच उभं राहायचंय.